तुझं मी कुणाला सांगितलं नाही

मोना, आपण पाच वर्षं एकमेकींशी बोलत नव्हतो, हे तुझ्या घरी कुणालाच माहीत नव्हतं. तू सांगितलं नव्हतंस आणि मीही नाही. म्हणून तर तू गेलीस तेव्हा तुझ्या आईनं नातेवाइकांच्याही आधी मला फोन केला.

गोंदियात माझा संध्याकाळचा बॅलेचा क्लास चालू होता. अकरा मुली खुर्च्यांच्या पाठी धरून उभ्या होत्या. "आशू, आपली मोना गेली," मावशी म्हणाली. तुझ्या आईला मी लहानपणापासून मावशीच म्हणत आले. नागपूरच्या दवाखान्यातून बोलत होती. मग म्हणाली, तिकडं दूरदेशी तुझ्याशिवाय तिचं होतं कोण. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि पुढचे आठ आकडे मोजले. मुलींनी गुडघे वाकवले, सरळ केले. त्यांना काही कळलं नाही.

मला रडू आलं नाही. राग आला. पाच वर्षं मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होते. स्वयंपाक करताना, बसमध्ये, मुलींचे पाय सरळ करताना. एक दिवस तू समोर बसशील आणि मी हे सगळं तोंडानं म्हणेन, असं मी धरून चालले होते. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस.

नववीत होतो आपण. इटियाडोहच्या कालव्यावरचं आपलं गाव, माझ्या बाबांचं खताचं दुकान, तुझ्या बाबांची ठेक्याची धानशेती. तुझ्या चुलतभावाच्या फोनवर तू एक मुलगी पाहिलीस, पायाच्या बोटांच्या टोकावर उभी. तू धावत दुकानात आलीस आणि म्हणालीस की हिची हाडं आपल्यासारखीच असतील ना, मग आपल्याला काऊन नाही जमणार. त्या दिवसापासून तुमच्या खळ्यावर आपलं सुरू झालं. धान निघून गेल्यावर सारवलेली जमीन गुळगुळीत व्हायची. पायात शाळेचे मोजे घालून आपण गिरक्या घ्यायचो. शेजारच्या बाया बांधावर थांबून हसायच्या, ह्या पोट्ट्या भवंडून पडून राहिल्या म्हणायच्या. तुला त्यांचं काहीच वाटायचं नाही. मला वाटायचं. मी घरी जाते म्हटलं की तू माझा हात धरून पुन्हा उभी करायचीस. तू नसतीस तर मी आज बाबांच्या दुकानात युरियाची पोती मोजत असते. हे मी कुणापुढं नाकारलं नाही, मोना. तुझ्यावर सगळ्यात जास्त चिडले होते तेव्हाही नाही.

पुण्याच्या बॅले शाळेच्या मॅडम नागपूरला मुली निवडायला येणार आहेत, राहणं-शिकणं सगळं शिष्यवृत्तीवर, हे तूच शोधून काढलंस. दहावीची परीक्षा संपलेली. अर्जुनीहून गोंदिया, तिथून नागपूर, दोन गाड्या बदलून आपण गेलो. मॅडमनी आपले पाय हातात घेऊन वाकवून पाहिले, पाठ पाहिली, उड्या मारायला लावल्या. त्या दिवशी तीन मुली घेतल्या, त्यातल्या दोन आपण.

मग फॉर्म भरायचा होता. कुठला आजार असल्यास लिहा, अशी एक ओळ होती. तुझ्याजवळ पेन नव्हता. मी माझा दिला. तू त्या ओळीपाशी थांबलीस आणि माझ्याकडं पाहिलंस.

तुला सिकलसेल, तो जन्मापासूनचा रक्ताचा आजार, होता हे मला दुसरीपासून माहीत होतं. आपल्या भागात कुणाच्या तरी घरी असतोच तो. थंडीत तुझे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे, तू आठवडा-आठवडा शाळेत नसायचीस. सरकारी दवाखान्याचं कार्ड, रोजची गोळी, भरपूर पाणी. मावशी सगळं सांभाळायची आणि गोळ्या नियमानं घेतल्यापासून तुझं दुखणं बरंच आवरलंही होतं. पण ते लिहिलं असतं तर मॅडमनी तुला घेतलं नसतं. मी नको अशी मान हलवली. तू "नाही" लिहिलंस. सोळा वर्षांच्या होतो आपण आणि मला वाटलं की मी जगातलं सगळ्यात मोठं मैत्रीचं काम केलं.

पुणं आपल्याला जड गेलं. आपण पोचलो तेव्हा बाकीच्या मुली दहा-दहा वर्षं शिकलेल्या होत्या. आपल्याला सात-आठ वर्षांच्या पोरींच्या रांगेत उभं केलं. सकाळी साडेसहाला बारपाशी. भिंतीला लावलेला तो लाकडी दांडा धरून दीड तास फक्त पाय पुढं सरकवायचा आणि मागं घ्यायचा. मोठ्या मॅडम काठीचं टोक नुसतं गुडघ्याला टेकवायच्या, बोलायच्या नाहीत. मेसमध्ये पोळ्या असायच्या आणि भात एक वाटी. आपण दोघी भातावर वाढलेल्या, पहिला महिना पोट भरलंच नाही. पाय घसरू नयेत म्हणून कोपऱ्यातल्या पेटीत पिवळी भुकटी असायची, त्यात बूट घासून यायचे. पहिल्या दिवशी तू ती बोटावर घेऊन हुंगलीस आणि माझ्या कानात म्हणालीस, "हे तं राळ होय." आपण दोघी इतक्या हसलो की मॅडमनी बाहेर काढलं.

बोटांच्या टोकावर उभं राहायच्या त्या पॉइंट शूजच्या पट्ट्या सगळ्यांच्या तुटायच्या. तू घरून बाबांचा पोती शिवायचा दोरा आणला होतास, त्यानं आपले बूट शिवलेस आणि ते कधी उसवले नाहीत. पुढं मुंबईच्या मुलीही तुझ्याकडं बूट घेऊन यायला लागल्या. दुसऱ्या वर्षी आपण मोठ्यांच्या वर्गात होतो. उडी तुझी चांगली. तू वर गेलीस की क्षणभर तिथंच राहायचीस. मी तशी कधीच उडाले नाही. माझे हात चांगले, मॅडम म्हणायच्या, मान आणि हात.

आणि त्याच दुसऱ्या वर्षी तू गोळ्या बंद केल्यास.

त्या गोळीसाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागायचं. तपासायला गेलं की शाळेला कळणार. शिवाय केस जातात असं तुझ्या मनानं घेतलं होतं. सुट्टीत घरी जाऊन तू मावशीसमोर दवाखान्यातून गोळ्या आणायचीस आणि पुण्यात ट्रंकेच्या तळाला टाकून द्यायचीस. डिसेंबरच्या थंडीत तुझं अंग धरायचं तेव्हा मी बाहेर सांगायची की पाळी आहे, पोट बिघडलंय. तुझ्या बाटल्या भरून ठेवायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची. एकदा तुला ताप भरला आणि श्वास लागला. मी चपला घातल्या, मॅडमकडं जायला निघाले. तू पलंगावरून उतरून माझं मनगट धरलंस.

"सांगशील तं माझं सारं संपलं, आशू."

मी चपला काढल्या. तू दोन दिवसांनी बरी झालीस, आणि त्यानंतर आपल्यात ते ठरूनच गेलं. तुझं मी झाकायचं, माझं तू.

माझं झाकण्यासारखं काही नव्हतं. तिसऱ्या वर्षापर्यंत.

तिसऱ्या वर्षीच्या शेवटच्या प्रयोगात एकटीचा चार मिनिटांचा नाच होता. प्रयोग पाहायला बंगळूरच्या एका नृत्यसंस्थेचे लोक येणार होते, त्यांना एक मुलगी हवी होती. मॅडमनी तो नाच मला दिला. मला जमलं नाही तर म्हणून तुला राखीव ठेवलं. यादी लागली तेव्हा तू मला मिठी मारलीस. तुझ्या मिठीत काही कमी होतं का, हे मी पुढं शंभरदा आठवून पाहिलं. नव्हतं, मोना. तेव्हा काही कमी नव्हतं.

तालमी सुरू झाल्या आणि माझी उजवी नडगी दुखायला लागली. आधी उडीनंतर, मग चालतानाही. घोट्याच्या चार बोटं वर, एकाच ठिकाणी, बोट टेकवलं की डोळ्यात पाणी यायचं. मी तुला सोडून कुणाला सांगितलं नाही. रोज सांजच्याला तू मेसमधून बर्फ आणायचीस, माझा पाय मांडीवर घ्यायचीस, पट्टी बांधायचीस. दुखतं म्हणून मी खोलीत नाच हातांनीच करायची आणि पायांचा भाग तू करून दाखवायचीस, म्हणजे माझ्या लक्षात राहील. असं दीड महिना. दोनदा तू म्हणालीस की दाखवू या कुणाला तरी. दोनदा मी म्हटलं, प्रयोग झाला की. शेवटी मी तुला शपथ घातली आणि तू घेतलीस.

प्रयोगाला चार दिवस राहिले असताना मोठ्या मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. पाय वर घ्यायला सांगितलं. त्यांनी गुडघा पाहिला नाही, घोटा पाहिला नाही. सरळ त्या जागेवर अंगठा दाबला. मी ओरडले. पण दुखण्यानं ओरडले नाही तितकी त्या अंगठ्यानं ओरडले. ती जागा जगात दोघींनाच माहीत होती.

दवाखान्यात नेलं. हाडाला चीर होती. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर नाचली असती तर आरपार गेलं असतं, मग सळई घालावी लागली असती. तीन महिने पाय टेकायचा नाही. कुबडी घेऊन मी परत आले ती सरळ तालमीच्या खोलीपाशी. दाराला काच होती. आत माझं संगीत चालू होतं आणि माझ्या जागेवर तू होतीस. तुला एकही पाऊल शिकवावं लागलं नव्हतं. दीड महिना मीच तर तुला शिकवत होते.

खोलीत तू आलीस तेव्हा मी पलंगावर बसले होते. तू दारातच उभी राहिलीस.

"तुझं हाड मोडलं असतं, आशू."

"अन् मग माझ्या जागी नाचून काऊन राहिली तू?"

मी थांबले. खरंच थांबले होते मी, मोना. मॅडमनी जबरदस्ती केली म्हणाली असतीस, मला हवा होता म्हणाली असतीस, काहीही. तू आपला टॉवेल घडी करायला लागलीस. तेव्हा मी म्हटलं की मी पण जाऊन मॅडमले तुझं सांगू काय.

तुझा हात थांबला. मग तू म्हणालीस, "सांग."

मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाबा न्यायला आले आणि मी प्रयोग न पाहता गोंदियाला निघून आले. वर्ष पुरं झालं नाही म्हणून शिष्यवृत्ती गेली. ज्या मुलीला बंगळूरला घेतलं ती तू होतीस.

तुझं गुपित मी राखलं याचा मला फार अभिमान होता. माझ्यासारखी मैत्रीण आणि तुझ्यासारखी मैत्रीण, असा मी मनात फरक करायची. आता कबूल करते, त्या दिवसानंतर मी ते प्रेमानं राखलं नव्हतं. मी तुझ्याहून चांगली आहे हे मला रोज स्वतःला दाखवायचं होतं, त्यासाठी तुझं गुपित मला लागत होतं.

माझा पाय बरा झाला. आता तर पाऊस आला तरी दुखत नाही. गोंदियात एका मंगल कार्यालयाची वरची खोली मिळाली, तिथं क्लास काढला. लोकांना बॅले काय ते माहीत नव्हतं, एका आईनं विचारलं की इसमें गरबा भी सिखाते क्या. हळूहळू मुली टिकल्या. तुझे मेसेज यायचे, माझ्या वाढदिवसाला एक, दिवाळीला एक. मी उघडायची नाही. गावी मावशी भेटली की विचारायची, मोनाचा फोन येत असंन ना. मी येतो म्हणायची. तूही तिला माझं तसंच सांगत असायचीस हे मला तेरवीला कळलं.

मागच्या उन्हाळ्यात तू क्लासच्या दारात येऊन उभी राहिलीस. आधी मी ओळखलंच नाही, इतकी वाळली होतीस. मुली खुर्च्या सोडून खोलीच्या मधोमध व्यायाम करत होत्या. तू सगळा वेळ पाहत होतीस आणि एका लहान मुलीचा खांदा वर चढला होता तो तू दुरूनच हातानं खाली कर म्हणून दाखवलास. तिनं केला. मी पाण्याचा ग्लास आणून दिला, तेव्हा तुझे डोळे पाहिले. हळदीसारखे पिवळे होते. गावातली कुणीही बाई ते पाहून म्हणाली असती, दवाखान्यात चाल. मला तर सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

तू म्हणालीस, "त्या दिवशीचं सांगाचं हाये तुले."

मी म्हटलं, क्लास चालू आहे.

तू म्हणालीस, थांबतो मी. मी म्हटलं, आज उशीर होईल. तू ग्लास खिडकीत ठेवलास, मुलींकडं एकदा पाहून हसलीस आणि जिना उतरलीस. इतकी वर्षं मला ज्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे होतं ते तू स्वतः घेऊन माझ्या दारात आली होतीस, आणि मी तुला घालवून दिलं. कारण मला तू आणखी थोडी झुरायला हवी होतीस. माझ्याकडं वेळ आहे असं मला वाटत होतं. तुझ्याकडं नाही, हे मला तुझ्या डोळ्यांत दिसत असूनही.

तेरवीला मी गेले. मावशीनं मला घरातल्या माणसांत बसवलं. बाया येऊन माझ्या गळ्यात पडून रडत होत्या, तुझी जिवाभावाची म्हणून. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. जेवणं आटोपल्यावर मावशीनं मला मागच्या छपरीत बोलावलं. खूप शांत होती. म्हणाली, नागपूरचे डॉक्टर म्हणत होते की पोरीनं कितीतरी वर्षांपासून औषध सोडलेलं दिसते, छातीत उतरलं ते म्हणूनच आवरलं नाही. तिला ते पटलं नव्हतं. दर सुट्टीत ती स्वतः तुझ्यासंगं दवाखान्यात गोळ्या आणायला जायची.

"तू तीन वर्ष तिच्याजोळ होती, आशू. खाऊन राहायची ना ते गोळ्या?"

हो म्हणणं किती सोपं होतं. ती तेवढ्यासाठीच विचारत होती. डॉक्टरांची चूक आहे, माझी पोर खोटं बोलली नाही, इतकंच तिला ऐकायचं होतं. तुझी बाजू घ्यायची ती शेवटची संधी होती आणि तू असतीस तर पुन्हा माझं मनगट धरलं असतंस.

"नाही मावशी. दुसऱ्या वर्षापासून बंद होत्या. मले माहीत होतं."

मावशीनं विचारलं, सांगितलं काऊन नाही. मी म्हटलं, तिनं नको म्हटलं होतं.

"नको तं तू बी म्हटलं होतंस तिले," मावशी म्हणाली. "मले फोन केला होता तिनं. रडून राहिली होती, आशूनं शपथ घातली म्हणे. मी म्हटलं, शपथ मोड. मैत्रीण तुटंन, पाय नाही तुटणार. तिनं तुझं सांगितलं ना."

एवढं बोलून ती उठली आणि पाहुण्यांची ताटं उचलायला आत गेली. मला चल म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. थोड्या वेळानं मीही आत गेले आणि तिच्या शेजारी बसून भांडी घासली. घासलेलं भांडं ती माझ्या हातून घेऊन विसळत होती.

तेव्हापासून मी हे लिहिते आहे आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडते. माझे दोन्ही पाय धड आहेत ते तू शपथ मोडलीस म्हणून. मी तुझी मोडली असती तर कदाचित तू बंगळूरला गेली नसतीस, मला आयुष्यभर शिव्या दिल्या असत्यास आणि तुमच्या खळ्यावर गावातल्या पोरींना शिकवत बसली असतीस. जिवंत. हे मला मान्य आहे. तू केलंस ते करायला मला हिंमत झाली नाही, हेही मान्य आहे.

पण मावशीला तू अर्धंच सांगितलंस, मोना. तिला वाटतं, पाय वाचवला तिथं गोष्ट संपली. पुढचं फक्त मला माहीत आहे आणि आता ते मी तिला सांगणार नाही. माझा पाय वाचवायला तू मॅडमकडं गेलीस, बरोबर केलंस. पण त्यानंतर माझ्या जागी तू नाचायला नको होतंस.